टायमिंग रिसीव्हर, आरजी-६ आणि १०० नॅनोसेकंद

गच्चीवरच्या जीपीएस अँटेनापासून घरातल्या टायमिंग रिसीव्हरपर्यंत (जीपीएसवरून अचूक वेळ काढणारं यंत्र) २५ मीटर केबल. आधीची आरजी-५८ ही बारीक कोअॅक्स केबल होती. उपग्रह दिसायचे, पण सिग्नल इतका क्षीण की लॉक, म्हणजे रिसीव्हरने उपग्रहांच्या सिग्नलवर धरलेली पकड, सारखा सुटायचा. कारण सरळ आहे. जीपीएसची एल-१ वारंवारता १५७५.४२ मेगाहर्ट्झ, आणि तिथे ही बारीक केबल मीटरमागे पाऊण डेसिबलच्या आसपास गिळते. म्हणजे जवळजवळ २० डेसिबल गेलेच! अँटेनातल्या अॅम्प्लिफायरची कमाई केबलमध्येच संपत होती.

एलएमआर-४०० ही कमी नुकसानीची केबल उत्तम, पण जाड, महाग आणि खिडकीच्या फटीत वळवायला हट्टी. मी डिश टीव्हीवाल्याकडची चांगली आरजी-६ घेतली. ७५ ओहमची केबल ५० ओहमच्या रिसीव्हरला कशी चालेल, असं सगळे विचारतात. अशा एका जोडावर नुकसान साधारण ०.२ डेसिबल, केबलमध्ये मात्र १२-१३ डेसिबल वाचतात. काही टायमिंग अँटेना तर मुळात ७५ ओहमच्याच असतात. रिसीव्हरकडे एफ-टू-एसएमए अडॅप्टर लावला, म्हणजे टीव्ही केबलचा एफ कनेक्टर रिसीव्हरच्या छोट्या एसएमए सॉकेटला जोडणारा. अँटेनाला वीज याच केबलमधून जाते, म्हणून ५ व्होल्ट वरपर्यंत पोचतात का ते मल्टिमीटरने पाहिलं.

बहुतेक जण विसरतात ती गोष्ट म्हणजे केबलचा विलंब; तो वजा केला नाही तर वेळ तेवढी मागे पडते. फोमच्या आरजी-६ मध्ये सिग्नलला मीटरमागे सुमारे ४ नॅनोसेकंद लागतात. २५ मीटरचे म्हणून रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये १०० भरले. यू-ब्लॉक्स कंपनीच्या रिसीव्हरात तिथे आधीच ५० असतात, ते बदलावे लागतात.

कनेक्टरवर सेल्फ-अमाल्गमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी) टेप गुंडाळली, पाणी तिथूनच गळून जावं म्हणून खाली केबलला एक झोळ ठेवला. पाऊस चालू आहे, लॉक टिकून आहे.