धंदा सांभाळायला शिकताय? गोव्यात या चुका टाळा

मॅनेजमेंटचा ऑनलाइन कोर्स हल्ली कोणीही करतो. नियोजन, संघटन, नियंत्रण पाठ होतं, प्रमाणपत्र फ्रेम करून गल्ल्यामागे लागतं, आणि ऑगस्टात कामगाराच्या पगारासाठी घरातलं सोनं गहाण पडतं. शिकवलेलं खोटं नसतं. पण ते बारा सारखे महिने चालणाऱ्या धंद्यासाठी सांगितलेलं असतं, आणि किनाऱ्यावरच्या धंद्याला बारा सारखे महिने कुठले? ऑक्टोबर ते मे हंगाम. मग शॅक, म्हणजे किनाऱ्यावरच्या झोपडीवजा खानावळी, उतरतात, १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद, चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, थोडं गावातलं गिऱ्हाईक, की परत वाट बघणं. पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरून ठेवायची अक्कल आपल्या प्रत्येक घरात आहे. दुकानाच्या वहीत मात्र ती उतरत नाही.

महिन्याचा ब्रेक-इव्हन काढून निर्धास्त होणं

ब्रेक-इव्हन म्हणजे ना नफा ना तोटा होण्याइतकी विक्री. तो महिन्यापुरता काढणं ही सगळ्यात महागडी चूक, म्हणून आकडे मांडूनच बघू. समजा, पेडण्यात चार खोल्यांचा होमस्टे आहे. बँकेचा हप्ता ३०,००० रुपये, एका माणसाचा पगार १८,०००, वीज-इंटरनेट-डागडुजी १२,०००. म्हणजे खोली भरो न भरो, महिन्याला ६०,००० जाणारच. (हप्त्यातलं मुद्दल हिशेबाच्या भाषेत खर्च नव्हे, पण खिशातून जातं ते जातंच, म्हणून इथे धरलं.) खोलीचं भाडं २,०००, त्यातून धुलाई, नाश्ता, बुकिंग ॲपचं कमिशन असे ५०० वजा. उरले १,५००. साठ हजार भागिले दीड हजार, म्हणजे महिन्याला ४० रात्री. चार खोल्यांच्या १२० रात्रींपैकी फक्त ४०! शिकाऊ मालक इथेच खूश होऊन वही मिटतो.

आता तेच वर्षावर काढा. वर्षाला ४८० रात्री हव्यात. जून ते सप्टेंबर महिन्याला १५ भरल्या, तर चार महिन्यांत ६०. उरलेल्या ४२० आठ महिन्यांत, म्हणजे महिन्याला ५३. आणि यात तुमचा स्वतःचा पगार कुठे आहे? तो २५,००० धरला, तर वर्षाला ६८० रात्री लागतात आणि हंगामातल्या प्रत्येक महिन्यात ७८. चाळिसाचे अठ्ठ्याहत्तर झाले, आणि सूत्र तेच होतं. घरची माणसं फुकट राबतात आणि जागा आपलीच आहे, असं म्हणून हे दोन खर्च सोडणारे बरेच धंदे मुळात तोट्यात असतात. फक्त तो तोटा आईच्या कष्टांतून भरला जात असतो.

२५ टक्के चढवले म्हणजे २५ टक्के सुटले, असं मानणं

८०० रुपयांचा काजू २५ टक्के चढवून १,००० ला विकला, तर विक्रीवर सुटतात २० टक्के. फरक कागदावर किरकोळ दिसतो. पण घासाघीस करणाऱ्या पर्यटकाला ‘चला, वीस टक्के कमी’ म्हटलं, की काजू खरेदीच्या भावात गेला. पिशवी, वीज आणि कामाच्या पोराचा पगार वरून आपल्याच खिशातून. सवलत किती द्यायची ते विक्रीवरच्या टक्क्यांवरून ठरवा आणि तो आकडा गल्ल्यावरच्या पोराला तोंडपाठ असू दे.

विक्री वाढली, खात्यात पैसे नाहीत

हे लक्षण दिसलं की लोक आधी चोरीचा संशय घेतात. आधी उधारी बघा, मग पडून राहिलेला माल, मग हप्ते. फोंड्यात मसाले करून किनाऱ्यावरच्या हॉटेलांना महिन्याला ३ लाखांचा माल देणारा घ्या. त्याचा खर्च २ लाख २० हजार, तोही रोख. हॉटेल देतं ६० दिवसांनी. म्हणजे कायम ४ लाख ४० हजार बाहेर अडकलेले. नाताळाच्या तोंडावर ऑर्डर दुप्पट झाली की अडकणारी रक्कमही दुपटीकडे जाते. नफ्यात असलेला धंदा इथे गुदमरतो, आणि मोठी ऑर्डर मिळाल्याचे पेढे वाटताना हे कोणाच्या डोक्यातही नसतं.

इथे कायदा तुमच्या बाजूने आहे. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ प्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात; करार नसेल तर १५. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षाच्या आयकरात खर्च म्हणून दाखवता येते. यासाठी उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) करा आणि तो क्रमांक बिलावर छापा. मात्र नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला हे संरक्षण नाही. त्याने उधारीची मर्यादा आधीच ठरवावी आणि ती ओलांडली की माल थांबवावा, मग समोर सोयरा असला तरी.

एक माणूस, तीन मालक

आँरी फायोल हा फ्रान्समधल्या खाणकंपनीचा प्रमुख. त्याने १९१६ मध्ये व्यवस्थापनाची चौदा तत्त्वं मांडली, त्यांतलं एक असं की माणसाला हुकूम एकाकडूनच यावा. परीक्षेत हे दोन गुणांचं उत्तर असतं. आपल्या खानावळीत येऊन बघा: बाबा सांगतात आधी टेबलं पूस, दादा म्हणतो टेम्पोतला माल उतरव, वहिनी आतून हाक मारते, कांदा कोण चिरणार? पोरगा बिचारा ज्याचा आवाज मोठा त्याचं ऐकतो, आणि दोन महिन्यांत शेजारच्या हॉटेलात जातो. मग आपण म्हणतो, हल्ली माणसं टिकत नाहीत. उपाय कंटाळवाणा आहे: स्वयंपाकघर वहिनीचं, बाहेर दादाचं, खरेदी बाबांची, आणि दुसऱ्याच्या माणसाला काही सांगायचं तर त्या दुसऱ्यामार्फत. पहिले काही दिवस घरात धुसफूस होईल. होऊ द्या.

स्वॉटच्या, म्हणजे धंद्याची बलस्थानं, कच्चे दुवे, संधी आणि धोके मांडण्याच्या, तक्त्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. ‘आमची सेवा उत्तम’ हे वाक्य समोरचा दुकानदारही लिहू शकत असेल, तर खोडा.

सगळी अंडी एका गिऱ्हाइकाकडे

डिचोली, सत्तरी, सांगे इथल्या लोकांना हे पुस्तकातून शिकायची गरज नाही. खनिज चालू होतं तेव्हा कर्जावर ट्रक घेतले, बार्जेस (खनिज वाहणाऱ्या सपाट बोटी) घेतल्या. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, हप्ते चालू राहिले. पुन्हा सुरू झाल्या आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणींच्या ८८ लीजांचं (भाडेपट्ट्यांचं) नूतनीकरण रद्द केलं. ट्रकमालकाने गाडी नीट चालवली नाही असं झालं नव्हतं. त्याच्या सगळ्या फेऱ्या एकाच उद्योगाच्या होत्या, एवढंच.

आज खाणीच्या जागी बुकिंग ॲप असेल, एखादं पंचतारांकित हॉटेल असेल, लग्नांचा एकच आयोजक असेल. गेल्या वर्षाची बिलं काढा आणि कोणाकडून किती आले ते उतरत्या क्रमाने लिहा. पहिल्या नावाकडून निम्म्याहून जास्त येत असेल, तर त्याच्या भरवशावर नवं कर्ज काढू नका. आणि पुढच्या हंगामात थेट फोन करून येणाऱ्या जुन्या पाहुण्याला ॲपच्या कमिशनइतकी सवलत द्या. तुमच्या हातात रक्कम तेवढीच पडते, आणि त्याचा नंबर तुमच्याकडे राहतो.