नवा प्रोसेसर, जुन्याच चुका: पिढी बदलताना आणि ओव्हरक्लॉक करताना हे टाळा

नव्या पिढीचा प्रोसेसर जाहीर झाला की लोक दोनच प्रश्न विचारतात: "घेऊ का?" आणि "किती गिगाहर्ट्झपर्यंत जातो?", म्हणजे ओव्हरक्लॉक करून (कंपनीने ठरवलेल्या वेगाच्या, अर्थात क्लॉकच्या, वर चालवून) कुठवर नेता येतो. सध्या काय वापरता, त्यावर काय काम करता, नेमकं कुठे अडतं, हे सांगायची तसदी कुणी घेत नाही. मग काही दिवसांनी तीच मंडळी "नवीन घेऊनही फरक पडला नाही" किंवा "मशीन मधूनच बंद पडतं" अशी तक्रार घेऊन येतात. खालच्या काही चुका पैसे मोजण्याआधीच्या आहेत, बाकीच्या निव्वळ घाईच्या.

खोक्यावरच्या आकड्यावर विश्वास ठेवणे

आकडा वाढला म्हणजे आतलं सगळं नवं, हा समज आधी डोक्यातून काढा. जानेवारी २०१७ मध्ये इंटेलचा आय७-७७००के आला. आधीच्या ६७००केचा टर्बो (तात्पुरता कमाल वेग) ४.२ गिगाहर्ट्झ होता, याचा ४.५. दोन्ही एकाच क्लॉकवर चालवले तर कामात फरक दिसत नव्हता, कारण आतली रचना तीच होती. २०२१ मध्ये तर उलटंच झालं. १०९००केला दहा कोअर (एकाच वेळी काम करणारे प्रोसेसरचे भाग) होते आणि नव्या ११९००केला आठ. व्हिडिओ एन्कोडिंगसारख्या सगळे कोअर वापरणाऱ्या कामात नवा आकडा घेणाऱ्याने पैसे देऊन कोअर कमी केले. २०२३ ची चौदावी पिढी म्हणजे बहुतांशी तेराव्याचीच पुन्हा इस्त्री. त्यात १४७००केला चार जादा ई-कोअर (कमी वीज खाणारे छोटे कोअर) मिळाले, तो एक बऱ्यापैकी बदल. बाकी थोडा वाढलेला क्लॉक.

ऑक्टोबर २०२४ मध्ये कोअर अल्ट्रा २०० मालिका आली. रचना खरोखर नवी, सॉकेट म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसण्याची जागा नवी (एलजीए १८५१), हायपरथ्रेडिंग (एका कोअरवर दोन कामं चालवण्याची सोय) काढून टाकलेलं, विजेची भूकही कमी. आणि तरी बऱ्याच गेममध्ये ती जुन्या १४९००केच्या मागे पडली. म्हणजे रचना नवी असली तरी तुमच्या कामात वेग वाढेलच असं नाही. याच्या उलट उदाहरण इंटेलच्या स्पर्धक एएमडीचं. एप्रिल २०२२ मधला रायझन ७ ५८००एक्स३डी हा जुन्याच झेन ३ रचनेचा, क्लॉक तर साध्या ५८००एक्सपेक्षाही कमी. पण चिपच्या डोक्यावर ६४ एमबी जादा कॅशे (प्रोसेसरची स्वतःची जलद मेमरी) बसवल्यामुळे गेममध्ये तो पुढच्या पिढीच्या प्रोसेसरांना घाम फोडत राहिला. ऑगस्ट २०२४ मध्ये झेन ५ आलं तेव्हा ९७००एक्सने गेमिंगवाल्यांची निराशा केली. त्याच झेन ५ वरचा ९८००एक्स३डी नोव्हेंबरमध्ये आला आणि पहिल्याच दिवसापासून लोकांनी उचलला. पिढी एकच, निकाल दोन.

म्हणून पिढीवरून निर्णय करायचाच नाही. आपल्या कामाची चाचणी, विचारात असलेला नेमका मॉडेल आणि सध्या हातात असलेला मॉडेल, या तिघांची एकत्र तुलना जिथे मिळेल तिथेच मान हलवावी. कंपनीच्या सादरीकरणातले आलेख मी पाहतो, पण करमणूक म्हणून.

अडतंय कुठे ते न तपासता प्रोसेसर बदलणे

गेम अडखळतो म्हणून प्रोसेसर घेणारे खूप. माझी सवय साधी आहे: गेममध्ये रिझोल्यूशन तळाला न्यायचं, ७२०पी वगैरे, बाकी सेटिंग तशीच ठेवायची. फ्रेम्स दणकून वाढल्या तर अडथळा ग्राफिक्स कार्डाचा आहे, नवा प्रोसेसर घेऊन पदरात काही पडणार नाही. फ्रेम्स जागच्या जागी राहिल्या तर प्रोसेसर किंवा रॅमकडे बघा. ४के मॉनिटरवर खेळणाऱ्यांनी ही चाचणी आधी करावी आणि मगच खिशात हात घालावा.

टास्क मॅनेजरमध्ये "प्रोसेसर तीस टक्केच वापरात आहे" हे बघून निर्धास्त होणारेही भेटतात. आठ कोअर आणि सोळा थ्रेडच्या (प्रत्येक कोअरवर दोन कामं) प्रोसेसरवर एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण आकडा सहा टक्क्यांच्या आसपास दिसतो. आलेखावर उजवं क्लिक करून प्रत्येक लॉजिकल प्रोसेसर वेगळा दाखवायला सांगा, मग खरं चित्र कळतं.

आणि रोजच्या वापराचं काय? ब्राउझर, ऑफिसची कागदपत्रं, व्हिडिओ कॉल, थोडीफार फोटोंची कामं. इतकंच असेल तर गेल्या पाच-सहा वर्षांतला मध्यम प्रोसेसर पुरतो. मशीन रडत असेल तर आधी बघा की विंडोज अजून फिरत्या हार्ड डिस्कवर आहे का, रॅम आठ जीबी आहे का, आणि ती एकाच पट्टीत आहे का. एसएसडी आणि जोडीने लावलेली रॅम या दोन गोष्टींनी जितका फरक पडतो तितका पिढी बदलून सहसा पडत नाही. एक कारण मात्र खरं आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला साधारण इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २००० मालिका आणि त्यापुढचे प्रोसेसर लागतात. त्याहून जुनं मशीन असेल तर बदला. पण त्यासाठीही सगळ्यात नवी पिढी लागत नाही. एएमडीच्या जुन्या एएम४ सॉकेटचा बोर्ड असेल तर बायोस (मदरबोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करून त्यावरच रायझन ५००० मालिकेतला प्रोसेसर बसतो का ते बोर्डाच्या यादीत बघा. एएम५ या नव्या सॉकेटवर गेलात तर रॅमही नवी, कारण तिथे फक्त डीडीआर५ चालते.

जुन्या काळच्या ओव्हरक्लॉकची अपेक्षा ठेवणे

१९९८ चा सेलेरॉन ३००ए बसचा (प्रोसेसरला बाकी मशीनशी जोडणाऱ्या मार्गाचा) वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की ४५० वर पळायचा. सरळ दीडपट! २०११ चा आय५-२५००के ३.३ चा असून साध्या एअर कूलरवर ४.५ पर्यंत जायचा. ते दिवस गेले. तेव्हा कंपन्या हात राखून क्लॉक ठरवायच्या. आता ती सगळी जागा बूस्ट (प्रोसेसरने स्वतःहून वेग वाढवणं) नावाखाली कारखान्यातच वापरून टाकतात. तुमच्यासाठी उरतात चार-पाच टक्के, आणि त्यांची किंमत वीज आणि उष्णतेत मोजावी लागते. विजेचा वापर साधारण क्लॉक गुणिले व्होल्टेजचा वर्ग या हिशोबाने वाढतो. क्लॉक पाच टक्के वाढवायला व्होल्टेज आठ टक्के चढवलं तर वीज बावीस टक्के जास्त. एवढं करून गेममध्ये दोन-तीन फ्रेम्स.

त्यातली आणखी वाईट चूक म्हणजे सगळ्या कोअरला एकच ठाम क्लॉक देणे. रायझन ७७००एक्स स्वतःहूनच हलक्या कामात ५.४ पर्यंत जातो. नवशिका येतो, सगळ्या कोअरवर ५.२ बांधून टाकतो आणि ओव्हरक्लॉक केलं म्हणून मिरवतो. ब्राउझर उघडण्यासारख्या एका-दोन कोअरच्या कामात मशीन आधीपेक्षा मंद झालं, हे त्याच्या गावीही नसतं.

आजच्या प्रोसेसरवर मी उलट्या दिशेने जातो: व्होल्टेज कमी करायचं, पॉवर लिमिट जरा खाली आणायचं, आणि बूस्टला स्वतःचं काम करू द्यायचं. रायझनवर इको मोड (पॉवर लिमिट खाली आणणारा) आणि कर्व्ह ऑप्टिमायझर (व्होल्टेज कमी करणारं सेटिंग), इंटेलवर बोर्ड परवानगी देईल तितकं अंडरव्होल्ट. मदरबोर्डच्या "एका बटणात ओव्हरक्लॉक" सोयीला हात लावत नाही. ते बटण व्होल्टेज ओततं, कारण बोर्ड बनवणाऱ्याला तुमचा प्रोसेसर चांगला निघाला की वाईट हे माहीत नसतं.

एकदा सिनेबेंच (प्रोसेसरची वेगचाचणी) चाललं की "स्टेबल" म्हणणे

या चुकीवर मी कितीही बोलू शकतो, म्हणून आवरतं घेतो.

ओळखीतल्या एकाने हौसेने नवं मशीन जमवलं. डीडीआर५ रॅम, एक्स्पो प्रोफाइल (रॅमचं तयार वेगवान सेटिंग) चालू. तेवढ्यावर थांबला असता तर बरं होतं. पण कुठल्याशा व्हिडिओत पाहून त्याने रॅमचा क्लॉक आणखी चढवला आणि टायमिंग (रॅमच्या प्रतिसादाचे अवधी) आवळले. विंडोज चालू झालं, सिनेबेंच पार पडलं, स्क्रीनशॉट सगळ्यांना पाठवून झाले. थोड्या दिवसांनी डाउनलोड केलेल्या झिप फाइल उघडेनात, सीआरसी एरर (फाइल बिघडल्याच्या सूचना) यायला लागल्या. त्याने इंटरनेट कनेक्शनला शिव्या दिल्या. मग फोटोंमध्ये राखाडी पट्टे दिसू लागले. एसएसडी खराब म्हणून नवीन आणली. विंडोज पुन्हा टाकलं, तर ते टाकतानाच एकदा अडकलं. तोवर त्याचं ठाम मत झालं होतं की ही प्रोसेसरची पिढीच भिकार आहे.

मी पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं टूल लावलं. पहिल्या फेरीतच लाल ओळींची रांग लागली. "पण डीडीआर५मध्ये ईसीसी असतं ना?" हा त्याचा प्रश्न. असतं हे चुका दुरुस्त करणं, पण ते चिपच्या आत. चिपमधून बाहेर पडून प्रोसेसरपर्यंत जाताना जे बिघडतं, त्याला ते पुरत नाही. रॅम मूळ प्रोफाइलवर आणली आणि चुका थांबल्या. खरा फटका नंतर कळला: बॅकअपही त्याच मशीनवरून घेतलेला, त्यामुळे बिघडलेले फोटो बॅकअपमध्येही बिघडलेलेच होते. क्रॅश परवडतो, तो निदान ओरडून सांगतो. अस्थिर रॅम गुपचूप फाइल कुरतडते.

म्हणून रॅमला हात लावला की रात्रभर मेमटेस्ट, त्यानंतर वाय-क्रंचर किंवा ओसीसीटीसारखी ताणाची चाचणी, आणि तोवर त्या मशीनवर कामाची एकही फाइल उघडायची नाही. रात्रभर थांबायचा कंटाळा असेल तर रॅम ओव्हरक्लॉक करूच नका. एक्स्पो किंवा इंटेलकडचं एक्सएमपी हेही अधिकृत वेगाच्या वरचंच ओव्हरक्लॉक आहे, तेव्हा ते चालू केल्यावरही एकदा चाचणी घ्या.

अंडरव्होल्टची गोष्ट थोडी वेगळी. कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये सगळ्या कोअरला उणे तीस लावायचं, जड चाचणी घ्यायची, पास झाली की खूश. आणि मग मशीन रात्री नुसतं बसलेलं असताना किंवा ब्राउझर उघडताना रीस्टार्ट होतं. जड कामात क्लॉक खाली असतो म्हणून कमी व्होल्टेज चालून जातं. हलक्या कामात एकच कोअर उंच क्लॉकवर उडी मारतो आणि तिथे व्होल्टेज कमी पडतं. कोअरसायकलरसारख्या टूलने एकेक कोअर तपासा, विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये "व्हीआ-लॉगर"च्या (WHEA-Logger, हार्डवेअरच्या चुका) नोंदी बघा. मी उणे दहापासून सुरू करतो, आठवडाभर रोजचं काम करतो, मग पुढे. उणे तीसचा फोटो टाकणाऱ्याचा प्रोसेसर आणि तुमचा प्रोसेसर एकाच मॉडेलचे असले तरी सारखे नसतात.

बायोसकडे दुर्लक्ष

"चालतंय ना, मग कशाला छेडायचं?" एरवी मलाही पटतं, प्रोसेसरच्या बाबतीत नाही. एप्रिल २०२३ मध्ये काही रायझन ७००० एक्स३डी प्रोसेसर सॉकेटमध्येच जळाले. त्यानंतर एएमडीने एसओसी (प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर वगैरेचा भाग) व्होल्टेजला १.३ व्होल्टची मर्यादा घातली, ती बायोसमधूनच येते. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीत तर प्रकरण जास्त लांबलं. गेम चालू होताना "व्हिडिओ मेमरी संपली" असा एरर यायचा, लोक ग्राफिक्स कार्ड बदलत बसले, आणि दोष निघाला प्रोसेसरचा. जुलै २०२४ मध्ये इंटेलने मान्य केलं की मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या मूळ सूचना) प्रोसेसरला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागायला लावत होता. ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी हे मायक्रोकोड आले, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण आधीच झिजलेला प्रोसेसर मायक्रोकोडने बरा होत नाही. या पिढ्यांमधला डेस्कटॉप प्रोसेसर वापरलेला घेत असाल तर विक्रेत्याकडे बायोस कधी अद्ययावत केलं ते विचारा. उत्तर देताना अडखळला तर पुढे चला.

जुन्या बोर्डावर नवा प्रोसेसर बसवायचा असेल तर जुना काढण्याआधी बायोस अद्ययावत करा. नंतर करायला बोर्डावर फ्लॅशबॅकचं (प्रोसेसर न चालवता बायोस बदलणारं) बटण असावं लागतं.

घाईच्या बाकीच्या चुका

एएम५ वर पहिल्यांदा मशीन चालू केल्यावर काही मिनिटं काळी स्क्रीन दिसू शकते. रॅमचं ट्रेनिंग (मशीनने रॅमशी जुळवून घेणं) चालू असतं. अधीर माणूस दुसऱ्या मिनिटाला पॉवर बटण दाबतो, मग सीमॉस क्लिअर करतो (बायोसचं सेटिंग पुसतो), आणि ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून. पंखे फिरू द्या आणि पाठ फिरवून बसा.

डीडीआर५ च्या चार पट्ट्या लावू नका. रायझन ९००० साठी दोन पट्ट्यांना ५६०० चा अधिकृत वेग आहे, चार लावल्या की तो ३६०० वर येतो. जास्त रॅम हवी असेल तर मोठ्या दोन घ्या.

रायझन ७००० जड कामात ९५ अंशांवर गेला म्हणून घाबरू नका, तो तसाच बनवला आहे. क्लॉक मूळ आकड्याच्याही खाली घसरला तर मात्र कूलर तपासा. तळाचं प्लास्टिक काढलं होतं का, तेही बघा. हसू नका.

मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डात लावा, मदरबोर्डात नाही.

इंटेलवर नावात के नसलेला प्रोसेसर घेऊन मल्टिप्लायर (क्लॉक वाढवायचं सेटिंग) शोधत बसू नका, आणि के घेतलात तरी प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायला बोर्डावर झेड मालिकेचा चिपसेट (मदरबोर्डची मुख्य चिप) लागतो. एएमडीचे ए मालिकेचे चिपसेटही प्रोसेसर ओव्हरक्लॉक करू देत नाहीत.

शेवटचं, एएम४ वरून निघताना कूलर सरळ वर ओढू नका. कूलरखालच्या वाळलेल्या पेस्टमुळे प्रोसेसर लॉक असतानाही सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी मशीनवर थोडा वेळ जड काम चालवून ते गरम करा, बंद करून वायर काढा, आणि कूलर डावीकडे-उजवीकडे पिळत सोडवा. नव्या एलजीए सॉकेटमध्ये पिना बोर्डावर असतात, त्यांच्यावर प्लास्टिकची टोपी येते. ती फेकू नका. बोर्ड वॉरंटीत परत पाठवायची वेळ आली तर टोपीशिवाय आलेला बोर्ड बरेच उत्पादक स्वीकारत नाहीत.