जुन्या ट्रॅक्टरसाठी गवत कापायचे यंत्र निवडताना

गणपती उठले की उत्तन-गोराईच्या टेकड्यांवर, वसईच्या वाड्यांमध्ये आणि मुरबाड-कर्जतच्या माळांवर गवत कमरेला लागते. मग शेडमधला जुना ट्रॅक्टर बाहेर निघतो. कुठे फर्ग्युसन टीई-२०, कुठे बी-२७५, कुठे एचएमटी २५११, कुठे साडेअठरा एचपीचा मित्सुबिशी शक्ती. ट्रॅक्टर चालू होतो, पण मागे काय लावायचे यावर घोडे अडते. बाजारातली बहुतेक यंत्रे आजच्या ४५-५० एचपीच्या ट्रॅक्टरचा हिशेब धरून बनवलेली असतात. ती जुन्यालाही चालतात, मात्र पिन, शाफ्ट आणि ताकद या तीन गोष्टी आधी मोजाव्या लागतात. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी टेप आणि व्हर्नियर घेऊन ट्रॅक्टरच्या मागे बसा.

गवत हवे आहे की जायला हवे आहे?

सगळी निवड या एका प्रश्नावर ठरते. तबेल्याला द्यायला, गंजी रचायला किंवा भारे बांधायला गवत हवे असेल तर कटर बारच घ्या. त्याची पाती कात्रीसारखी चालतात, बुंध्याशी एकदाच कापतात आणि लांब गवत एका बाजूला आडवे पडते. तेच गवत स्लॅशरखाली, म्हणजे आडव्या फिरणाऱ्या जड पात्याच्या यंत्राखाली, गेले तर त्याचे तुकडे होतात आणि त्यात माती मिसळते. असल्या चाऱ्याला जनावर तोंड लावत नाही.

रान मोकळे करायचे असेल, घाणेरी-टाकळ्याची झुडपे उडवायची असतील, तर स्लॅशर. शाळेचे किंवा जिमखान्याचे मैदान नीट राखायचे असेल तर तीन पात्यांचा फिनिशिंग मोअर (मोअर म्हणजे गवत कापायचे यंत्र). पण तो वाढलेल्या रानात घालू नका, पट्टे घसरून जळतील. क्रिकेटच्या मैदानाची बारीक कापणी रील मोअरने होते, तो वेगळाच विषय आहे. पोटाखाली बसणारा मोअर ठरावीक मॉडेलच्या चॅसीसाठीच बनलेला असतो. तो दुसऱ्या ट्रॅक्टरला बसवायच्या भानगडीत पडू नका.

मुंबईच्या वस्तीत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. पाच फुटी स्लॅशरचा गिअरबॉक्स पीटीओच्या (ट्रॅक्टरच्या मागच्या, यंत्र फिरवणाऱ्या शाफ्टच्या) मिनिटाला ५४० फेऱ्यांच्या पात्याच्या सुमारे ७९० करत असेल, तर पात्याचे टोक सेकंदाला ६३ मीटर वेगाने फिरते, म्हणजे ताशी जवळजवळ २२७ किलोमीटर. त्याखाली सापडलेला खडा त्याच वेगाने बाहेर येतो. शंभर मीटर मोकळी जागा नसेल, शेजारी सोसायटी, रस्ता किंवा बालवाडी असेल, तर स्लॅशरला पुढे-मागे साखळ्यांचा पडदा लावलाच पाहिजे. त्याहून बरा पर्याय फ्लेल मोअर. त्याची लहान लटकती पाती पत्र्याच्या आवरणाखाली फिरतात आणि खडा लांब जात नाही. तो जड असतो आणि ताकद जास्त खातो, पण माणसांजवळ काम असेल तर हा खर्च करावाच.

ताकदीचा हिशेब

इंजिनाच्या एचपीपैकी साधारण ८५ टक्के पीटीओला मिळते. ३५ चा ट्रॅक्टर पीटीओवर ३० देतो, २५ चा २१, साडेअठराचा पंधरा-सोळा. हे इंजिन धडधाकट असतानाचे आकडे आहेत. कॉम्प्रेशन उतरलेल्या इंजिनाचे आणखी चार-पाच वजा धरा. स्लॅशरला आणि फिनिशिंग मोअरला रुंदीच्या दर फुटाला चार ते पाच एचपी लागते, फ्लेलला पाच ते सात, कटर बारला जेमतेम एक ते दीड. त्यामुळे मित्सुबिशीला साडेतीन फुटी स्लॅशर पुरे, एचएमटी २५११ ला चार फुटी आणि बी-२७५ ला पाच फुटी. कटर बार मात्र यांतला कुठलाही ट्रॅक्टर सहज ओढतो.

जुन्या गाड्यांचा पहिला गिअर तसा पळतो. टीई-२० चा पहिला गिअर इंजिनाच्या १,५०० फेऱ्यांना ताशी सुमारे ४ किलोमीटर जातो. इंजिनाच्या फेऱ्या उतरवून तो हळू चालवता येत नाही, कारण त्याबरोबर पात्याचाही वेग पडतो. दाट गवतात यंत्राची अर्धीच रुंदी गवतावर धरा किंवा एकाच पट्ट्यावरून दोनदा फिरा. एक्सलरेटर पूर्ण ओढायचा मोहही नको. टीई-२० मध्ये १,५०० च्या आसपास पीटीओ ५४० वर येतो. इंजिन २,००० वर नेले तर पीटीओ ७०० पार करतो आणि गिअरबॉक्सचे बेअरिंग बोलायला लागते.

रुंदी ठरवताना मागच्या चाकांचे बाहेरून बाहेरपर्यंत अंतर मोजा. यंत्र त्याहून अरुंद असेल तर चाकाने दाबलेले गवत तसेच राहते आणि दोन दिवसांनी उभे होते. तेवढी ताकद नसेल तर चाकांचा ट्रॅक, म्हणजे दोन चाकांमधले अंतर, कमी करा. उतारावर मात्र चाके आत घेऊ नका.

पिन आणि लिफ्ट

कॅटेगरी १ च्या लिंकेजला, म्हणजे यंत्र जोडायच्या मागच्या तीन दांड्यांना, खालच्या पिना सात सुताच्या (सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा), म्हणजे २२ मिलिमीटरच्या, आणि टॉप लिंकची पिन सहा सुताची, म्हणजे १९ मिलिमीटरची. कॅटेगरी २ मध्ये हीच मापे २८ आणि २५ मिलिमीटर होतात. छोटे जुने ट्रॅक्टर बहुधा कॅटेगरी १ चे असतात. कॅटेगरी २ च्या भोकात सात सुताची पिन ढिली घातली की पहिल्याच आठवड्यात भोक अंडाकृती होते. मधल्या बुशा मिळतात, त्या घाला.

टीई-२० सारख्या गाड्यांच्या लिफ्टला फक्त ड्राफ्ट कंट्रोल असतो, म्हणजे यंत्राची ओढ वाढली-घटली की लिफ्ट आपोआप वर-खाली होते. नांगराला ते उत्तम, पण मोअर त्यावर एका उंचीला थांबत नाही, वर-खाली नाचतो. त्यावर उपाय साधा आहे. टॉप लिंकच्या ब्रॅकेटपासून खालच्या दोन्ही लिंकपर्यंत मापाच्या साखळ्या लावा आणि लिफ्ट खाली सोडून यंत्राचे वजन साखळ्यांवर आणि मागच्या टेलव्हीलवर येऊ द्या. स्लॅशरची पुढची कड मागच्यापेक्षा अर्धा ते एक इंच खाली हवी. मागची कड खाली राहिली तर तेच गवत दोनदा कापले जाते आणि इंजिन दबते.

यंत्र उचलल्यावर पुढची चाके हलकी वाटली तर पुढे वजन बांधा. ट्रॅक्टर आणि यंत्र मिळून जे वजन होते, त्याच्या निदान पाचव्या हिश्श्याइतके पुढच्या अॅक्सलवर राहिले पाहिजे. नाहीतर चढावर स्टिअरिंग फिरते आणि ट्रॅक्टर वळत नाही.

पीटीओचा धक्का

इथे मोठा अपघात होऊ शकतो. जुन्या ट्रॅक्टरमध्ये पीटीओ गिअरबॉक्समधूनच चालतो आणि क्लच एकच असतो. तुम्ही क्लच दाबता, इंजिन सुटते, पण स्लॅशरचे जड पाते फ्लायव्हीलसारखे फिरतच राहते. ती ताकद शाफ्टमधून उलटी गिअरबॉक्समध्ये येते, तिथून चाकांना जाते, आणि क्लच पूर्ण दाबलेला असताना ट्रॅक्टर पुढे ढकलला जातो. समोर कुंपण, विहीर किंवा माणूस असेल तर ब्रेकही पुरत नाहीत.

यावर ओव्हररनिंग क्लच हाच उपाय आहे. तो पीटीओच्या टोकावर बसतो, ताकद एकाच दिशेने जाऊ देतो, आणि पाते मोकळे फिरत राहिले तरी ट्रॅक्टर थांबतो. दुहेरी क्लचचा लाइव्ह पीटीओ (ट्रॅक्टर थांबला तरी वेगळा चालणारा) नसेल तर स्लॅशर, फ्लेल किंवा फिनिशिंग मोअर याच्याशिवाय जोडू नका. कटर बारच्या पात्याला एवढे वजन नसते, म्हणून तिथे हा धोका फारच कमी. छोट्या जुन्या ट्रॅक्टरला कटर बार शोभतो, त्याचे हेही एक कारण.

टीई-२० आणि त्या काळच्या काही गाड्यांचा पीटीओ नऊ सुताचा असतो, म्हणजे एक इंच एक सूत. आजची यंत्रे अकरा सुताची येतात. दाते दोन्हीकडे सहाच, म्हणून नजरेला फरक पटकन कळत नाही. आतून नऊ आणि बाहेरून अकरा सूत असलेला ओव्हररनिंग क्लच घेतला की दोन्ही कामे एका वस्तूत होतात. लेथवाल्याकडून बाही करून ती वेल्डिंगने जोडू नका. ती मध्यावर राहत नाही, थरथरते आणि पीटीओचे ऑइल सील खाते.

शाफ्टची लांबी ओव्हररनिंग क्लच बसवल्यावरच मोजा, कारण त्याने सुमारे चार इंच जागा घेतलेली असते. खालच्या लिंक आडव्या करा. दोन्ही टोके सर्वांत जवळ असतात ती स्थिती साधारण हीच. या स्थितीत शाफ्ट पूर्ण दबता कामा नये, निदान एक इंच मोकळा राहिला पाहिजे. न राहिला तर लिफ्ट उचलताच तो पीटीओचे बेअरिंग आत ढकलतो. कापायचा झाला तर आतली नळी, बाहेरची नळी आणि दोन्ही प्लॅस्टिक आवरणे सारखीच कापा, आणि कड कानशीने घासा. सर्वांत लांब स्थितीत नळ्यांचा निदान एक तृतीयांश भाग एकमेकांत असावा. जोडताना आतले दोन्ही योक (सांध्याचे दुशिंगी तुकडे) एका रेषेत ठेवा. एक दाता चुकला तरी शाफ्ट धडधडतो.

शिअर बोल्ट, म्हणजे यंत्र अडकल्यावर आधी तुटणारा बोल्ट, पुस्तिकेत दिलेल्या मापाचा आणि ग्रेडचाच घ्या. बोल्टच्या डोक्यावरचा आकडा वाचा. सारखा तुटतो म्हणून ४.६ च्या जागी ८.८ घातला की पुढचा दगड थेट गिअरबॉक्सचा दाता मोडतो. सारखा तुटत असेल तर जमिनीत दगड आहेत किंवा उंची फार खाली आहे.

नागदेवीला जाताना

बेअरिंग, पट्टा, सील हे सगळे मुंबईच्या नागदेवी स्ट्रीट आणि नारायण धुरू स्ट्रीटच्या परिसरात मिळते. अट एकच, माप घेऊन जा. “जुन्या मोअरचे बेअरिंग द्या” म्हटले तर कोणी काही देऊ शकत नाही.

बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. ६२०४, ६२०५, ६२०६ हे मोअरच्या स्पिंडलला नेहमी येणारे. शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणले की आतले माप मिळते, म्हणजे ६२०५ ला २५ मिलिमीटर. त्याचे बाहेरचे माप ५२ आणि जाडी १५. नंबरापुढे टू-आरएस लिहिलेले, रबरी सीलचेच घ्या. पत्र्याच्या झाकणाचे झेडझेड ओल्या गवतात टिकत नाही.

पट्ट्यावर बी-८५ असे लिहिलेले असते. बी म्हणजे वरची रुंदी १७ मिलिमीटर, ८५ म्हणजे आतली लांबी इंचांत. अक्षरे पुसली असतील तर बाहेरून दोरी गुंडाळून मोजा आणि बी पट्ट्यासाठी ३ इंच वजा करा. ऑइल सीलला तीन आकडे सांगायचे, शाफ्टचा व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. शाफ्टच्या क्रॉसला (सांध्यातल्या अधिकच्या चिन्हासारख्या तुकड्याला) टोपीचा व्यास आणि टोपीपासून टोपीपर्यंतची लांबी.

आट्यांकडे नीट पाहा. विलायती जुन्या गाड्यांवर व्हिटवर्थचे, म्हणजे जुन्या ब्रिटिश आट्यांचे, बोल्टही निघतात. अर्ध्या इंचाच्या व्हिटवर्थ बोल्टला इंचात १२ आटे, यूएनसीला (अमेरिकन आट्यांना) १३. दोन-तीन फेरे हाताने बसतात, मग पाना लागतो, आणि तिथे आटे मरतात. नट शेवटपर्यंत हाताने जात नसेल तर तो त्या बोल्टचा नाही.

स्लॅशरचे पाते घेताना बोल्टच्या भोकाच्या मध्यापासून टोकापर्यंतची लांबी, भोकाचा व्यास, रुंदी, जाडी आणि फिरण्याची दिशा लिहून न्या. जोडीनेच बदला आणि दोन्ही काट्यावर तोला. एका पात्याचे वजन जास्त असेल तर गिअरबॉक्स हलत राहतो आणि सील जाते. ट्रकच्या जुन्या पाट्यांपासून घडवलेली पाती स्वस्त मिळतात, पण पाणी नीट दिलेले नसेल तर ती दगडावर वाकत नाहीत, फुटतात. तो तुकडा कुठे जाईल याचा नेम नाही.

कटर बार लावताना

जुना बार विकत घेताना तो जमिनीवर पसरा आणि पाते हाताने सरकवा. ते सहज मागेपुढे गेले पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. हलत असेल तर गवत कापले न जाता पाते आणि बोटाच्या (बारावरच्या टोकदार लोखंडी आधाराच्या) मध्ये दुमडते आणि बार चोंदतो. वरच्या क्लिपा हातोडीने हलक्या ठोकून खाली घ्या. फार ठोकल्या तर पाते तापते.

त्रिकोणी पाती तीन-तीन इंचांची असतात, पाच फुटी बाराला वीस. हिरव्या गवताला गुळगुळीत धारेची, वाळल्या पेंढ्याला दातेरी. तुटलेले पाते काढायला मागची पट्टी व्हाइसवर टेकवा, पाते बाहेर राहू द्या आणि त्याच्या मागच्या कडेवर एक घाव घाला. रिव्हेट कापल्या जाऊन पाते सुटते. नव्या रिव्हेटसाठी जुनी सोबत न्या.

पात्याचा फेरा संपतो त्या क्षणी प्रत्येक पात्याचे टोक बोटाच्या बरोबर मध्यावर आले पाहिजे. एका बाजूला सरकलेले असेल तर कापलेल्या रानात न कापलेल्या रेघा दिसतात. पिटमनची, म्हणजे पाते मागेपुढे हलवणाऱ्या दांडीची, लांबी बदलून हे जुळवा. बाराचे बाहेरचे टोक आतल्यापेक्षा दर फुटाला पाव इंच पुढे असावे, म्हणजे पाच फुटाला सव्वा इंच. चालताना गवत ते मागे रेटते आणि बार सरळ येतो. पिटमन लाकडी असेल तर लाकडीच घाला. अडकल्यावर आधी तो मोडावा म्हणूनच तो लाकडाचा असतो.

कापणीपूर्वी रान पायी फिरा, हातात काठी आणि पायात गमबूट हवेत. गवतात घोणस असते, आणि दगड, तारा, मेढीही सापडतात. कापायला मधून सुरुवात करून बाहेर या, म्हणजे सापांना आणि पिल्लांना पळायला वाट राहते.

काम झाल्यावर

गिअरबॉक्सचा लेव्हल प्लग काढून तेल पाहा. दुधासारखे झाले असेल तर पाणी शिरले आहे. वरचे सील बदला आणि नवे ९० नंबरचे तेल भरा. क्रॉसना दर आठ तासांनी ग्रीस द्या.

स्लिप क्लच (जास्त ताण आल्यावर घसरणारा) असेल तर किनाऱ्याच्या हवेत त्याच्या प्लेटा एका पावसाळ्यात गंजून चिकटतात आणि मग तो घसरतच नाही. हंगामाच्या आधी प्रत्येक स्प्रिंगची लांबी व्हर्नियरने मोजून लिहा, प्लेटांवर आडवी खडूची रेघ ओढा, नट स्प्रिंग ढिली होईपर्यंत सोडा आणि इंजिन कमी फेऱ्यांवर ठेवून पीटीओ दोन-तीन सेकंद जोडा. इंजिन बंद करून पाहा. रेघ तुटली असेल तर प्लेटा सुटल्या. मग नट पहिल्या लांबीवर परत आवळा. रेघ अखंड राहिली तर क्लच खोला आणि प्लेटा पॉलिश पेपरने घासा. यंत्र ठेवताना नट ढिले करून ठेवा, शाफ्टच्या नळ्या वेगळ्या करून ग्रीस लावा आणि पत्रा थेट जमिनीला न टेकवता लाकडी फळ्यांवर ठेवा.