नाशिकहून सिंगापूरला व्यापारासाठी येणाऱ्यांना

घर, शाळा, किराणा यांविषयी मी लिहीत नाही. लिटल इंडियात बहुतेक सारे मिळते. आपली माणसे, मग ती सातपूर-अंबडचे कारखानदार असोत की पिंपळगावचे द्राक्ष निर्यातदार, अडखळतात ती इथल्या नियमांपाशी, आणि त्यांच्या आधी मी तिथेच अडखळलो आहे.

नियम कमी म्हणून सिंगापूर श्रीमंत झाले, हा समज प्रथम सोडावा. इथे च्युइंगगमच्या आयातीवरदेखील १९९२ पासून बंदी आहे. मात्र नियम लेखी असतो आणि तो सर्वांना सारखा लागतो. कंपनी नोंदवण्यास ३१५ सिंगापूर डॉलर शुल्क पडते आणि त्यावर चहापाणी लागत नाही. याचा विकासाशी काय संबंध, हे लासलगावच्या माणसाला वेगळे सांगावे लागू नये. १९ ऑगस्ट २०२३ रोजी कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागले, ८ डिसेंबरला थेट निर्यातबंदी आली आणि ती ४ मे २०२४ रोजी उठली; अशा स्थितीत प्रतवारीच्या यंत्रासाठी किंवा साठवणुकीच्या चाळीसाठी मोठे कर्ज काढण्यास कोण धजावेल? बुडालेला सौदा वहीत दिसतो, पण न झालेली गुंतवणूक कोणत्याच वहीत दिसत नाही, आणि माझ्या मते खरे नुकसान तेच. श्रीमंत देशाला चांगले अधिकारी परवडतात, हेही अर्थात खरे आहे. तरी लाचलुचपतीच्या तपासासाठी इथे स्वतंत्र विभाग स्थापन झाला तो १९५२ मध्ये, म्हणजे सुबत्ता येण्यापूर्वी.

माझी चूक महागात पडली. द्राक्षांच्या पहिल्या कंटेनरच्या परवान्यात मी वजन चुकीचे भरले आणि "साहेबांना भेटून सांगू" या भरवशावर दोन दिवस दुरुस्तीचा अर्जच केला नाही. भेटलेले अधिकारी अतिशय सौजन्याने म्हणाले की दुरुस्ती संगणकावरूनच करावी लागेल. अर्ज मंजूर झाला, पण तोवर गोदामभाडे चढले होते, ठरलेला ग्राहक गेला होता आणि माल पडेल त्या भावाने विकावा लागला. म्हणून "माझी वर ओळख आहे" असे सांगणाऱ्या इथल्या जुन्या मराठी मंडळींपासून जपून राहावे. त्यांच्यापैकी बरेच जण तुम्हीच भरू शकाल असा अर्ज भरून देण्याचे पैसे घेतात.

कंपनीला किमान एक स्थानिक रहिवासी संचालक लागतो आणि सचिव सहा महिन्यांच्या आत नेमावा लागतो. वार्षिक विवरणपत्रास उशीर झाल्यास तीन महिन्यांपर्यंत ३०० आणि त्यापुढे ६०० डॉलर दंड आहे.