पिको बोर्डला पेनड्राइव्ह दिसत नसेल तर

रत्नागिरीच्या पावसाच्या नोंदी थेट पेनड्राइव्हवर घ्यायच्या म्हणून रास्पबेरी पाय पिको (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) होस्ट मोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरसारखा दुसरं यूएसबी उपकरण चालवणारा म्हणून, लावला, आणि पेनड्राइव्ह मेल्यासारखा गप्प? प्रोग्राम तपासण्याआधी वीज तपासा. होस्ट झाल्यावर समोरच्या उपकरणाला ५ व्होल्ट पुरवणं हे होस्टचं काम असतं, आणि पिको ते स्वतः तयार करत नाही.

१. मोबाइलच्या चांगल्या चार्जरचे ५ व्होल्ट पिन ४० ला (व्हीबस, म्हणजे यूएसबीच्या ५ व्होल्टची पिन) द्या, ग्राउंड पिन ३८ ला.
२. मायक्रो यूएसबी ओटीजी केबल (एका टोकाला पेनड्राइव्ह बसेल असं यूएसबी तोंड असलेली) लावून त्यात पेनड्राइव्ह घाला.
३. यूएसबी पोर्ट आता गुंतलेला, म्हणून प्रोग्रामचे संदेश जीपी० आणि जीपी१ या पिनांवरच्या यूआर्टमधून (साध्या सिरीयल जोडणीतून) बघा. ही पायरी टाळू नका. संदेश दिसल्याशिवाय चूक सापडणं फार कठीण जातं.

वेग सेकंदाला १२ मेगाबिटपर्यंतच मिळतो, नोंदींना तो भरपूर.

खाऱ्या हवेने कनेक्टरवर हिरवट थर चढतो आणि पेनड्राइव्हचा संपर्क मधेच तुटतो. वीज काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या.

सावधान: नवा प्रोग्राम टाकायला पिको कॉम्प्युटरला जोडण्याआधी पिन ४० ची वीज काढाच. नाहीतर ते ५ व्होल्ट उलटे कॉम्प्युटरच्या पोर्टमध्ये शिरतात.