मेनफ्रेमवरच्या डीबी२चा ॲक्सेस द्यायचा कसा, काढायचा कसा

ॲक्सेस मागणाऱ्या अर्जाचं टिकीट बहुतेक वेळा एका ओळीचं असतं : 'नवीन जॉइनर. अमक्यासारखाच ॲक्सेस द्यावा.' हिंजवडीत बसून परदेशातल्या विमा कंपन्यांचे डेटाबेस सांभाळायला लागले त्याला बावीस वर्षं झाली, पण या एका ओळीवर मी अजूनही काम सुरू करत नाही. तो अमका सात वर्षांत तीन टीम फिरून आलेला असतो. प्रत्येक टीमने त्याला काहीतरी दिलेलं असतं आणि काढून कुणीच घेतलेलं नसतं. 'त्याच्यासारखा' म्हणजे तो सगळा साठलेला गाळ नव्या मुलीच्या नावावर चढवायचा. म्हणून टिकीट परत पाठवते आणि विचारते : काम काय आहे, कोणत्या टेबलांवर आहे, नुसतं वाचायचंय की बदलायचंही आहे? उत्तराला एक दिवस लागतो. लागू द्या.

झेड ओएसवर, म्हणजे आयबीएमच्या मेनफ्रेम या मोठ्या संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर, डीबी२ या डेटाबेसपर्यंत पोचायला दोन दारं आहेत, हे आधी डोक्यात पक्कं बसवा. पहिलं दार रॅकएफचं, म्हणजे मेनफ्रेमच्या सुरक्षा प्रणालीचं. तू कोण, पासवर्ड बरोबर आहे का, या सबसिस्टीमच्या (डीबी२च्या एका चालू प्रतीच्या) आत यायची मुभा आहे का, हे ते बघतं. दुसरं दार खुद्द डीबी२चं. आत आल्यावर कोणत्या टेबलाला हात लावायचा, कोणतं पॅकेज (प्रोग्रॅममधल्या डेटाबेस-कमांडचा तयार संच) चालवायचं, हे ते ठरवतं. रॅकएफ १९७६ चं, डीबी२ १९८३ चं; दोघांच्या नोंदी वेगवेगळ्या ठिकाणी राहतात आणि एकीकडे केलेला बदल दुसरीकडे आपोआप पोचत नाही. 'रिव्होक' हा शब्दसुद्धा दोघांकडे वेगळा आहे. रॅकएफमध्ये आयडी रिव्होक केला म्हणजे तो नुसता बंद पडला, 'रिझ्यूम' दिलं की परत चालू. डीबी२मध्ये रिव्होक म्हणजे दिलेला हक्क काढून घेतला. नवीन मुलं इथे हमखास अडखळतात. तुमच्याकडे रॅकएफऐवजी एसीएफ२ किंवा टॉप सीक्रेट ही दुसरी सुरक्षा प्रणाली असेल तर कमांड बदलतील, विचार हाच राहील.

आयडी तयार करणं हा सोपा भाग. 'ॲडयूजर' कमांड, आठ अक्षरांपर्यंतचा आयडी, डीफॉल्ट ग्रुप, ओनर म्हणून ग्रुपचंच नाव. टीएसओ सेगमेंट (मेनफ्रेमवर थेट लॉगऑन करून कमांड देण्याची सोय) मागितल्याशिवाय देऊ नका. जी व्यक्ती फक्त सीआयसीएस या व्यवहार चालवणाऱ्या प्रणालीच्या स्क्रीनवर दावे तपासणार आहे, तिला टीएसओ लागत नाही.

मग सबसिस्टीमचं दार. रॅकएफच्या डीएसएनआर या डीबी२साठीच्या क्लासमध्ये (नियमांच्या गटात) प्रोफाइल असतात : आधी सबसिस्टीमचं नाव, मग टिंब, मग माणूस कुठल्या वाटेने येतो ते. आपल्या सबसिस्टीमचं नाव डीबीपी१ धरू. टीएसओ आणि बॅचसाठी (आपोआप चालणाऱ्या जॉबसाठी) 'डीबीपी१.बॅच', नेटवर्कवरून येणाऱ्यांसाठी 'डीबीपी१.डिस्ट', सीआयसीएससाठी 'डीबीपी१.एसएएसएस'. प्रोफाइलचा यूएसीसी (यादीत नसलेल्यांना मिळणारा हक्क) 'नन' ठेवा आणि 'परमिट'ने ग्रुपला 'रीड' द्या, एकेका माणसाला नव्हे. सीआयसीएसच्या वाटेवर हा रीड रीजनच्या, म्हणजे चालू सीआयसीएसच्या, आयडीला लागतो, स्क्रीनवर बसलेल्याला नाही. क्लास रॅकलिस्ट केलेला (मेमरीत उचलून ठेवलेला) असेल तर शेवटी 'सेटरॉप्ट्स'ने रिफ्रेश करा. हा रिफ्रेश विसरून दोन-दोन तास दुसरीकडेच चूक शोधत बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

आता खरा गाभा. हक्क माणसाच्या आयडीला न देता ग्रुपला द्यायचे. माणूस डीबी२ला जोडला जातो तेव्हा त्याचा आयडी हा प्राथमिक ऑथ आयडी (ज्याच्या नावाने हक्क तपासतात तो) होतो आणि त्याचे रॅकएफ ग्रुप दुय्यम ऑथ आयडी म्हणून सोबत येतात. मात्र आयबीएमचा डीफॉल्ट एक्झिट (जोडताना चालणारा छोटा प्रोग्रॅम) ग्रुप उचलत नाही. त्यासाठी कनेक्शन आणि साइनऑनचे सँपल एक्झिट बसवावे लागतात आणि रॅकएफमध्ये ग्रुपयादी तपासण्याचा पर्याय चालू लागतो. तुमच्या जागी तो चालू आहे का, हे सिस्टीम प्रोग्रॅमरला विचारून घ्या. तो असेल तर पुढचं काम दोन ओळींचं. 'ग्रँट सिलेक्ट ऑन क्लेम.पेमेंट टू क्लेमरीड' (क्लेम.पेमेंट टेबल वाचायचा हक्क क्लेमरीड ग्रुपला) हे एकदाच. नंतर येणाऱ्या प्रत्येकासाठी फक्त रॅकएफचं 'कनेक्ट'. माणूस टीम बदलतो तेव्हा 'रिमूव्ह', आणि डीबी२ला हातही लावावा लागत नाही.

ज्यांचं काम तयार प्रोग्रॅममधूनच चालतं त्यांना टेबलावर काहीच देऊ नका. स्टॅटिक एसक्यूएलमध्ये, म्हणजे प्रोग्रॅममध्ये आधीच पक्क्या केलेल्या डेटाबेस-कमांडमध्ये, टेबलावरचे हक्क पॅकेजच्या ओनरचे तपासले जातात. चालवणाऱ्याला फक्त 'एक्झिक्यूट' पुरतो. ती व्यक्ती प्रोग्रॅममधून पेमेंट मंजूर करू शकते, पण स्पुफीत (हाताने एसक्यूएल चालवायच्या टीएसओ स्क्रीनवर) बसून त्याच टेबलावर अपडेट मारू शकत नाही. मेनफ्रेमची ही देणगी मला फार मोलाची वाटते, आणि 'तात्पुरतं अपडेट देऊन टाका' म्हणणाऱ्या मॅनेजरशी मी दर वेळी यावरूनच भांडते.

ॲक्सेस दिल्यावर फोन येतोच : 'अजून चालत नाही.' पहिला प्रश्न विचारा, लॉगऑफ करून परत लॉगऑन केलंत का? ग्रुपची यादी लॉगऑनच्या वेळी तयार होते. दुपारी जोडलेला ग्रुप सकाळपासून उघड्या सेशनला दिसत नाही. त्यानंतर एसक्यूएलकोड (डीबी२ने दिलेला एररचा क्रमांक) विचारा. -९२२ असेल तर माणूस दारातच अडलाय, डीएसएनआर बघा. -५५१ असेल तर आत आलाय, पण त्या टेबलावर किंवा पॅकेजवर हक्क नाही; मेसेजमध्ये कोणता आयडी, कोणतं काम, कोणती वस्तू हे तिन्ही लिहिलेलं असतं, नीट वाचा. रॅकएफने नाकारलं असेल तर सिस्टीम लॉगमध्ये 'आयसीएच४०८आय' हा मेसेज सापडतो. घाईत 'टू पब्लिक' कधीही लिहू नका. पब्लिकला दिलेला हक्क पुढे कोण वापरतंय ते कळत नाही, म्हणून काढायला कुणी धजत नाही.

हक्क देताना ग्रँटर (हक्क देणारा) कोण नोंदला जातो, याकडे मात्र अगदी डोळ्यात तेल घालून बघा. मी नवीन असताना एका प्रोजेक्टवर एक सीनियर डीबीए (डेटाबेस सांभाळणारे) नोकरी सोडून गेले. टिकिटाप्रमाणे शुक्रवारी संध्याकाळी आम्ही त्यांचा सिसॅडम (डीबी२ सांभाळण्याचा व्यापक हक्क) रिव्होक केला. त्यांनी स्वतःच्या आयडीने वर्षानुवर्षं दिलेले सगळे ग्रँट त्याबरोबर साखळीने गेले. त्या हक्कांवर उभे असलेले व्ह्यू (टेबलांवरून तयार केलेली दृश्यं) ड्रॉप झाले, पॅकेज इनव्हॅलिड झाली, आणि रात्रीची बॅच एकामागून एक -५५१ देत पडायला लागली. कॅटलॉगच्या (डीबी२च्या स्वतःच्या नोंदींच्या टेबलांच्या) जुन्या प्रतीवरून ग्रँट परत लिहून काढायला आम्हाला रविवार दुपार झाली. व्हर्जन १० पासून रिव्होकमध्येच 'नॉट इन्क्लूडिंग डिपेंडंट प्रिव्हिलेजेस' (त्यावर अवलंबून असलेले हक्क न काढता) लिहिता येतं, सेटिंग तशी असेल तर. पण मुळातला उपाय वेगळा आहे : ग्रँट करण्याआधी 'सेट करंट एसक्यूएलआयडी' देऊन ॲडमिन ग्रुपचं नाव घ्या. मग ग्रँटर म्हणून ग्रुप नोंदला जातो, आणि ग्रुप कधी राजीनामा देत नाही.

माणूस गेल्यावरचा क्रमही ठरवून ठेवा. त्याच दिवशी रॅकएफमध्ये आयडी रिव्होक. डिलीट लगेच नको. त्या आयडीवर शेड्यूल झालेले जॉब, त्याच्या नावाचे डेटासेट (मेनफ्रेमवरच्या फाइली), त्याच्या ओनरशिपखालची पॅकेज आधी शोधा. मग कॅटलॉगमध्ये सिसटॅबऑथ, सिसपॅकऑथ, सिसडीबीऑथ, सिसयूजरऑथ या टेबलांत ग्रँटर आणि ग्रँटी (हक्क मिळणारा) या दोन्ही कॉलममध्ये त्याचा आयडी शोधा. सगळं साफ झालं की 'डेलयूजर'. त्यानेही परमिटच्या याद्यांतलं नाव जात नाही. त्यासाठी रॅकएफची 'आयआरआरआरआयडी००' ही युटिलिटी चालवायची. हे का करायचं? डीबी२ फक्त आठ अक्षरं ओळखतं, माणूस ओळखत नाही. जुना आयडी काही महिन्यांनी दुसऱ्याला मिळाला तर जुने ग्रँट त्याच्या हाती पडतात. आमच्याकडे एका ट्रेनी मुलाला पहिल्याच आठवड्यात पगाराचं टेबल दिसलं होतं. त्याने स्वतः येऊन सांगितलं म्हणून कळलं.

डीबी२च्या बाहेरची एक वाट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. टेबलस्पेस (टेबलांचा डेटा साठवायची जागा) शेवटी व्हीएसॅम प्रकारच्या डेटासेटमध्येच असतं. त्या डेटासेटवर रॅकएफचा रीड असलेला माणूस 'डीएसएन१प्रिंट'ने पानंच्या पानं छापून घेऊ शकतो, आणि तिथे डीबी२चा एकही ग्रँट तपासला जात नाही. डीबी२च्या हाय लेव्हल क्वालिफायरवरचं (डेटासेटच्या नावाच्या पहिल्या भागावरचं) प्रोफाइल उघडून कुणाकुणाला काय दिलंय ते बघा. इमेज कॉपींचे (बॅकअपचे) डेटासेटही त्याच तपासणीत घ्या. ज्यांना रॅकएफचं 'ऑपरेशन्स' ॲट्रिब्यूट (बहुतेक डेटासेटना हात लावू देणारं) आहे त्यांची यादी वेगळी काढा. ती दोन-चार नावांपेक्षा लांब असेल तर सिक्युरिटी टीमशी बोला.

दर तीन महिन्यांनी मी एक दिवस राखून ठेवते. ऑडिट ट्रेसचा (कुणी काय केलं याच्या डीबी२च्या नोंदीचा) क्लास १ नाकारलेले प्रयत्न दाखवतो, क्लास २ ग्रँट-रिव्होक. दोन्ही चालू ठेवते. सिसटॅबऑथमध्ये ग्रँटीटाइप रिकामा असलेल्या ओळी काढून त्यातले ग्रुप बाजूला केले की माणसांच्या नावाने दिलेले हक्क उरतात, ते एकेक करून ग्रुपवर नेते. मग 'लिस्टग्रुप'ने प्रत्येक ग्रुपची नावं काढून त्या त्या मॅनेजरला पाठवते, सोबत ग्रुप काय करू शकतो ते एका वाक्यात साध्या भाषेत. नुसतं 'क्लेमरीड' लिहिलं तर मॅनेजर न वाचता होकार देतो. 'ही माणसं दाव्यांची सगळी पेमेंट बघू शकतात' लिहिलं की तो यादी वाचतो. दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर एक आठवण पाठवते. त्यानंतरही नाही आलं, तर ती नावं ग्रुपमधून काढते आणि टिकिटात तारखेसह लिहून ठेवते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मॅनेजरचा फोन येतो, आणि मग आम्ही फोनवरच यादी एकेक नाव घेत पुरी करतो.