न्यायाधीश-निवडीत वकील नसलेले सदस्य : मसुदा कसा तपासावा

न्यायाधीशांच्या निवडीत वकील नसलेल्या नागरिकांना स्थान देणारा मसुदा पुन्हा पुढे आला, तर ‘लोकसहभाग’ या शब्दावर न थांबता त्यातील कलमे वाचावीत. त्यासाठीचा धडा आपल्याकडेच आहे. ९९ व्या घटनादुरुस्तीने नियोजलेल्या राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोगात सरन्यायाधीश, दोन ज्येष्ठ न्यायमूर्ती आणि कायदामंत्री यांच्यासह दोन ‘मान्यवर व्यक्ती’ असणार होत्या. ऑक्टोबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती चार विरुद्ध एक मतांनी रद्द केली.

प्रथम पात्रतेचे कलम पाहावे. मान्यवर कोणाला म्हणावे, हे त्या दुरुस्तीत सांगितलेच नव्हते. अमेरिकेतील मिझुरी राज्यात १९४० पासून चालत आलेल्या पद्धतीत वरिष्ठ न्यायालयांच्या निवड आयोगावर तीन वकील, तीन सामान्य नागरिक आणि एक न्यायाधीश असतात, आणि त्या नागरिकांना सार्वजनिक पद किंवा राजकीय पक्षातील अधिकारपद धारण करता येत नाही. असा स्पष्ट निर्बंध मसुद्यात नसेल, तर ती जागा सत्ताधाऱ्यांच्या मर्जीतील माणसाला मिळण्याची वाट मोकळी राहते.

त्यानंतर मताचे वजन तपासावे, कारण खरा धोका इथेच असतो. आपल्या आयोगातील कोणतेही दोन सदस्य असहमत झाले असते, तर शिफारस अडली असती. म्हणजे त्या दोन मान्यवर व्यक्तींना, कायद्याचे शिक्षण नसले तरी, तिन्ही न्यायमूर्तींचे एकमत थोपवता आले असते. नागरिकाचे मत मोजले जावे, परंतु नकाराधिकार त्याच्याकडे नसावा, असे माझे ठाम मत आहे. इंग्लंड व वेल्सच्या न्यायिक नियुक्ती आयोगाचे अध्यक्षपद कायद्यानेच बिगर-वकील व्यक्तीकडे असते, तरी पंधरा सदस्यांत न्यायाधीश आणि वकीलही बसतात.

या सदस्यांकडून कोणते काम अपेक्षित आहे, हेही मसुद्यात शोधावे. उमेदवाराचे कायद्याचे ज्ञान न्यायमूर्ती जोखतील. साक्षीदाराशी तो कसा बोलतो, वकील न परवडणाऱ्या पक्षकाराचे म्हणणे धीराने ऐकतो का, आदेशाचे कारण सोप्या भाषेत सांगू शकतो का, हे मात्र न्यायालयाच्या बाकावर ताटकळलेल्या नागरिकाला अधिक नेमके विचारता येते.

निवडीची वा नकाराची कारणे लेखी नोंदवण्याची तरतूद नसेल, तर ती सुचवणारे निवेदन संसदीय स्थायी समितीने सूचना मागवल्यावर मुदतीत पाठवावे आणि त्यात प्रत्येक हरकतीपुढे कलमाचा क्रमांक व पर्यायी शब्दरचना लिहावी.